सगुणाचा हात

कुळाचा इतिहास छापून घ्यायची हौस आपल्याकडे तशी अलीकडची. असल्या पुस्तकांत मूळ पुरुष बहुधा तलवार घेऊन येतो, त्याला कोणीतरी इनाम देतं, आणि पुढे पानोपान मुलगे होत जातात. मुली फारशा होत नाहीत. तिवरपाड्याच्या आगऱ्यांकडे असं पुस्तक नव्हतं आणि त्यांचा मूळ पुरुष तलवार नव्हे, फावडं घेऊन आला होता. त्यांचा इतिहास लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो काढणारी बाई होती सगुणा.

तिवरपाडा दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये, खाडीला लागून. पावसाळ्यात बांधाआडच्या खारीत भात, उन्हाळ्यात आगरात मीठ. आगगाडी गावाच्या अंगावरून जायला लागली त्याला तीसेक वर्षं होत आली होती. ती गावासाठी थांबत नव्हती आणि गावाचंही तिच्यावाचून काही अडलं नव्हतं.

लग्नाची गाणी धवलारीण म्हणे, भिंत मात्र सगुणाची. गेरूने लाल केलेल्या भिंतीवर, शिंदीची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने, ती आधी मधोमध घराचं देवक काढी. देवक म्हणजे त्या कुळाचं झाड. कोणाचं कळंब, कोणाचा वड, कोणाचं उंबर. एका देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही, म्हणून पान ओळखू आलंच पाहिजे. सगुणाचं पान नुसतं ओळखू येत नसे. उंबर काढलं तर बाया म्हणत, देठातून चीक गळायचा तेवढा राहिलाय. देवकाभोवती सगळी खाडी यायची. तिवरं, चिखलात उड्या मारणारे निवटे, खेकडे, मिठाच्या राशी, एका पायावर उभे बगळे. आणि अगदी खाली, एका ओळीत, त्या घरातली गेलेली माणसं. ज्याने बांध घातला त्याच्या हातात फावडं, बांधावर साप चावून जो गेला त्याच्या पायाशी साप, खाडीपलीकडून गोडं पाणी आणणाऱ्या सुनेच्या डोक्यावर हंडा. या ओळीत फक्त गेलेल्यांना जागा होती. जित्या माणसाला तिथे काढत नसत.

हे सगळं तिला सासूने शिकवलं होतं. गावातल्या प्रत्येक घराचे पूर्वज असे तिच्या हाती असल्यामुळे लोक तिच्याशी जरा जपून वागत. पाण्यावर भांडण लागलं की एखादी दुसरीला सांगे, "गप ऱ्हा गो, उद्या तुझे आज्याचे पायाशी साप काढील."

अट एकच होती. मंगलकार्याची भिंत काढणारा हात सवाशिणीचा हवा. आणि नेमका इथेच सगुणाचा मामला नाजूक होता.

तिचा नवरा नाथा मुंबईला जाऊन आगबोटीवर कोळसा ओढायला लागला आणि त्या बोटीबरोबर गेला तो गेलाच. सुरुवातीला तो एडनला दिसल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते पुढे कोणाला आठवेना, पण एडन हे नाव गावाने नीट जपून ठेवलं. सगुणाला मूलबाळ नव्हतं. दीर काळुराम, जाऊ तुळसा आणि त्यांची मुलगी जया यांच्यात ती राहत होती. कुंकू लावत होती, हिरवा चुडा भरत होती आणि वर्षातून कितीतरी घरच्या भिंती काढत होती.

नाथा जिवंत आहे असं खरोखर वाटणारं माणूस गावात सापडलं नसतं. पण ज्याच्या घरी लग्न त्याला नाथा निदान तेवढ्या मोसमापुरता जिवंत हवा असे. मुलीचं लग्न ठरलं की बाप उंबऱ्याशी येऊन हमखास विचारी, "काय सगुनाबाय, नाथाची काय खबर?" ती म्हणे, "हाय एडनला." बाप समाधानाने मान हलवी आणि तांदूळ कधी भिजत घालायचे ते ठरवून जाई. लोकमताच्या जोरावर माणूस किती वर्षं जगू शकतो याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

हा जोर एका घरात कमी पडला, तो नाथाच्याच. काळुरामची दोन मुलं लागोपाठ तापाने गेली होती. जया तेवढी राहिली होती. आणि आता दिव्याच्या एका घरी तिची सोयरीक ठरली तेव्हा काळुरामच्या मनाने घेतलं की दादा कुठेतरी मरून पडलाय, त्याला अग्नी नाही, पाणी नाही, आणि म्हणून तो घरातल्या पोरांना ओढतो आहे.

तो कल्याणला जाऊन भटजींना विचारून आला. भटजींनी सांगितलं की बारा वर्षं खबर नसलेल्या माणसाचं पळसाच्या पानांचं शरीर करून त्याला अग्नी देतात. घरात असं मरण खोळंबलेलं असताना मंगलकार्य करणं बरं नाही. आणि करायचं तर पळस झडायच्या आत, म्हणजे माघातच. वैशाखात लग्न होतं.

काळुरामने हे घरी सांगितलं तेव्हा सगुणा चुलीशी होती.

"वयनी, मना दुसरा मारग दिसत नाय."

"मंग कर की. तुझा भाव हाय."

"तुमी काय बोलत नाय?"

"जयाची भित कोन काढील?"

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या भिंती काढताना सगुणा एकच गोष्ट सांगत आली होती, की ही सगळी जयाच्या भिंतीची तयारी आहे. जयाला तिने मांडीवर वाढवलं होतं. नाथा मेल्याचं दुःख ती बहुधा कधीचंच करून बसली होती. कुंकवाचंही ती बोलली नाही. भिंतीचं मात्र बोलली.

हे गावात पसरलं आणि गावही अडचणीत आलं, कारण त्या वैशाखात आणखीही लग्नं होती. शेवटी विश्राम पाटलाच्या ओट्यावर चार माणसं बसली. विश्राम हा गावचा शहाणा माणूस. त्याचं शहाणपण त्याला स्वतःला फार आवडे.

"काय नाय," विश्राम म्हणाला, "भित पयली काढून ठेवायची. मंग इधी. मंग लगीन. काढली तवा ती सवाशीनच व्हती ना?"

"व्हती."

"मंग भितीला काय म्हाईत मागून काय झालं?"

हा मुद्दा बिनतोड होता. कोणी म्हणालं, भिंत वैशाखापर्यंत टिकेल कशी? त्यावर विश्राम म्हणाला, होडीचं जुनं शीड पडदा म्हणून लावा. माणसं उठली ती एकमेकांच्या पाठीवर थाप मारतच उठली. घरात बसलेल्या बायांना कोणी काही विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. प्रश्न धर्माचा होता.

सगुणाने जयाची भिंत माघाच्या सुरुवातीला काढायला घेतली. एरवी तिची भिंत दिवसभरात होई. या वेळी ती सकाळी बसे आणि उन्हं परतली की उठे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसे. तुळसा तिला पीठ वाटून देई आणि कामाचं काही सांगायला आली की सांगायचं विसरून उभी राही. जया तर हललीच नाही.

"काकी, ह्यो बगला बग कसा माझेकडंच बगतंय."

"तुझेकडं नाय, तुझे मागं निवटा हाय त्याचेकडं."

"आन् ही कोन?"

"ही तुझे आज्याची आय. हिनं भरतीचे पान्यात बांध फुटला तवा त्यात सोताचं घराचं दार काढून लावलं. पुरा पावसाला घर बिनदाराचं. नवऱ्यानं मारलं. पन भात वाचलं."

जया एकेकाला बोट लावून विचारत गेली आणि सगुणा सांगत गेली. ओळीच्या शेवटी माणूसभर जागा कोरी राहिली. पुढे घरच्या देवकाची, उंबराचीच, एक फांदी खाली उतरून आली होती, त्यामुळे ती जागा पहिल्या नजरेला लक्षात येत नव्हती. जयाने तिथे काही विचारलं नाही. काळुरामने संध्याकाळी आगरातून येऊन भिंत पाहिली. त्याची नजर शेवटी त्या जागेवर आली आणि तो पाय धुवायला बाहेर निघून गेला.

भिंत झाली. शीड लागलं. मग विधी झाला.

काळुरामने पलीकडच्या डोंगरातून पळसाची पानं आणली होती. खाडीच्या काठी भटजींनी ती देठांसकट मांडली, लोकरीच्या धाग्याने बांधली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. सगुणाला पुढे बसवलं होतं. ती बघून म्हणाली, "खांदे रुंद व्हते."

भटजी तसे सज्जन होते. ते म्हणाले, "बाई, शास्त्रात कुठल्या जागी किती पानं ते सांगितलंय. खांद्यांचं वेगळं काही सांगितलेलं नाही."

"बरं," सगुणा म्हणाली.

पळसाची पानं ओली होती, त्यामुळे धूर फार झाला. बायांनी तिचा चुडा तिथेच फोडला. गेली कितीतरी वर्षं ज्या बायांच्या मुलींच्या लग्नात तिचा हात शुभ होता, त्याच या बाया. त्या रडत होत्या आणि ते रडणं खरं होतं. त्यांतल्या दोघींच्या घरी वैशाखात लग्नं होती, आणि जयाच्या भिंतीपायी त्यांच्या भिंती काढायच्या राहून गेल्या होत्या. त्या जरा जास्त रडल्या.

सुतक फिटायच्या दिवशी सकाळी तुळसाने शेण कालवलं आणि तिला एकदम ब्रह्मांड आठवलं.

घरात मरण झालं की सुतक फिटताना सगळं घर सारवायचं. जमीन, चूल, भिंती. वापरातलं मडकं फोडायचं, जुनं सारवण झाकून नवं घालायचं. तोवर घर शुद्ध होत नाही. हे तिवरपाड्यातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. विश्राम पाटलाच्या ओट्यावर बसलेल्या माणसांच्या मात्र डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यांतल्या एकानेही जन्मात शेणात हात घातला नव्हता.

तुळसाने शीड बाजूला केलं आणि ओरडून काळुरामला बोलावलं. काळुरामने विश्रामला बोलावलं. विश्रामने भिंतीकडे बघितलं, शेणाकडे बघितलं, आणि म्हणाला, "ह्या येका भितीला नाय सारवलं तर?"

"मंग सुतक ऱ्हायलं की घरात," तुळसा म्हणाली. "इधी कनाला केलाव मंग?"

गावचा शहाणा शिडाची घडी घालायला लागला.

सगुणाने तोवर पाटी उचलली होती. ती खाडीच्या बाजूने लागली. आधी मिठाच्या राशी गेल्या, मग तिवरं. बगळे गेले. तिचा हात सारवतानाही तसाच चालत होता, काठाकाठाने, न थांबता. जया तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"काकी, तुना ठाव व्हतं?"

"मरनाचं सारवान व्हतं, ह्यात न ठाव असायचं काय?"

"मंग काढलंस कनाला?"

"तुना दावायला."

जया रडायला लागली. सगुणाने सारवण थांबवलं नाही. "बगलंस ना? समद्यांची नावं सांगितली ना? मंग जालं. आता पानी आन. शेन घट्ट जालंय."

खालची ओळ तिने शेवटी सारवली.

वैशाख आला. मांडव पडला, आणि हळदीच्या आदल्या दिवशी ती भिंत नुसती गेरूची लाल, कोरी. काळुराम दिवसभर तिच्यासमोरून ये-जा करत होता. हा सगळा विधी त्याने करवला होता आणि विधी झाल्यापासून त्याला शांत झोप लागत होती. हेच बहुधा त्याला आता सहन होईना. दुपारी मागच्या अंगणात सगुणा तांदूळ पाखडत होती तिथे तो गेला. पांढऱ्या कपाळाच्या बाईने मांडवात येऊ नये म्हणून ती तिथे बसली होती. तिला कोणी बसवलं नव्हतं.

"वयनी, उठा. भित काढा."

"काय खुलावलास का काय?"

"भटानं सांगितलं त्ये समदं केलं. आता मी सांगतंय. घर माझं हाय, पोर माझी हाय. कोन काय बोलतंय त्ये बगतंय मी."

सगुणाने सूप खाली ठेवलं. तिचे हात पिठासाठी शिवशिवत असणार. तुळसाने वाटून ठेवलेलं पीठ तिथेच, हाताच्या अंतरावर होतं.

"कालू," ती म्हणाली, "उद्या जयाचं प्वार तापलं तर तू माझा हात आठवशील."

"नाय आठवनार."

"तूच पयला आठवशील. दोन पोरं तापानं जेली तवा तुना दादा आठवला. भला मानूस व्हता, एडनला व्हता. मी तर घरातच हाय."

काळुराम प्रामाणिक माणूस होता. आपल्याला तो हात आठवेल हे त्याला दिसलं असावं. तो मांडवात गेला, आणि थोड्या वेळाने तुळसा आली, घाबरलेली. भिंत तिनेच काढायची असं त्याने तिला सांगितलं होतं.

"मना नाय जमत गो. मना सादी रांगोली नाय जमत."

"जमंल. पयलं उंबर. मधी."

"तू नुसती दारात उभी ऱ्हा."

"दारात नाय. हितून सांगतंय."

तशी ती भिंत झाली. सगुणा मागच्या अंगणातून सांगत होती आणि तुळसा आत काढत होती. "आता बगला?" "आता बगला. पाय पयला. मंग पोट. मान शेवटी." उंबराचं पान उंबरासारखं होतं, निदान तिथे उंबर असायला हवं हे माहीत असणाऱ्याला तसं वाटे. निवटे झाले नाहीत. पूर्वज सगळे एकसारखे आले. नाथाची आकृती ओळीच्या शेवटी आली; तिच्या डोक्यावर तुळसाने आगबोट म्हणून काहीतरी काढलं, ते धुरासकट चुलीसारखं दिसत होतं. आणि बगळ्याची मान वळून उलटी पाठीवर पडली. दिव्याहून आलेली जयाची सासू कमळाबाई त्या बगळ्याकडे बघून पदराआड हसली. वर्षानुवर्षं दिव्यातल्या भिंतीही सगुणानेच काढल्या होत्या, त्यामुळे तिला फरक कळत होता. लग्न व्यवस्थित झालं.

जयाला दुसऱ्या पावसाळ्यात मुलगा झाला आणि थंडीत तो तापाने गेला.

त्या काळी खाडीकाठी तापाने मूल जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती, पण आपल्या घरातलं मूल कोणालाच नुसत्या तापाने गेलेलं चालत नाही. दिव्याच्या घरी शोध सुरू झाला. आणि सगुणाचं म्हणणं खरं झालं, फक्त हात दुसऱ्याचा आठवला. कमळाबाईला तो मान मोडलेला बगळा आठवला. तुळसाने मोडक्या मानेचं पाखरू लग्नाच्या भिंतीवर बसवलं, आईच्या हातानेच पोरीच्या संसाराला अपशकुन झाला, असं ती बोलली आणि ते चार घरी गेलं. जयाला माहेरी पाठवायचं बंद झालं. तुळसाने अंथरूण धरलं. ती जेवायला घेतलेला हात ताटात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत बसे.

काळुराम दोनदा दिव्याला जाऊन आला. त्याला ओट्यावर बसवून चांगलं बोलून परत पाठवलं.

मग एक दिवस सगुणा गेली. ओहोटी बघून बांधाबांधाने चालत गेली आणि कमळाबाईच्या अंगणात, दारापासून लांब, बसली. शेजारच्या बायाही आल्या. जया आत जात्याशी होती. तिने उठायचं नव्हतं.

"कमलाबाय," सगुणा म्हणाली, "तुलसाचा काय दोष नाय. तिचा बगला चांगला व्हता. हलदीचे दिशी पाटं मांडवात कोनी नव्हतं तवा मी जेलू आन् त्याची मान पुसून परत काढली. रांडमुंड हातानं. मना ऱ्हावलं नाय."

अंगणातल्या बाया पुढे सरकल्या.

कमळाबाईने तिच्याकडे बघितलं. कमळाबाईच्या स्वतःच्या लग्नात कळंबाची भिंत याच हाताची होती, आणि तिच्या दोन्ही मुलींच्या लग्नांत. त्या भिंतींवरचा एकेक बगळा तिला पाठ होता.

"ती मान तू काढलीस?"

"मी."

"उलटी पडलीय ती?"

"व्हय. हात थरथरला."

सगुणाचा हात थरथरला हे त्या अंगणातल्या एकाही बाईला पटलं नसणार. खाडीच्या दोन्ही काठांवर कोणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की ही बाई आंधळी झाली तरी अशी मान काढणार नाही. पण कमळाबाईला आता सुनेची आई दोषी नको होती. सोयरीक टिकवायची होती आणि बोललेला शब्दही मागे घ्यायचा नव्हता. विधवेने मांडवात जाऊन भिंतीला हात लावला, हे कारण पहिल्यापेक्षा भरभक्कम होतं. त्यात कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

"तरीच," कमळाबाई म्हणाली.

बाकीच्या बायांनीही तरीच म्हटलं. आत जातं थांबलं होतं. ते पुन्हा फिरायला लागलं नाही.

जया त्या होळीला माहेरी आली. अट एवढीच, की काकीने समोर यायचं नाही. तुळसा उठली, जेवायला लागली. सगुणाने आपली चूल आगराच्या बाजूला, मीठ ठेवायच्या झोपडीत मांडली आणि तिथेच पुढली वीसेक वर्षं काढली. तिला कोणी वाईट वागवलं नाही. सणाला ताट जाई, आजारपणात काळुराम स्वतः जाऊन बसे. गावातल्या पोरांना मात्र सांगून ठेवलं होतं, की तिच्या हाताने जयाचं मूल गेलं, तिच्या हातचं काही खायचं नाही. आणि पोरं लहान असल्यामुळे त्यांना कारण खरंच वाटे.